एकाच मापाचे स्वेटर

थंडीचा एवढा धसका घेतलेला आणि थंडीत एवढा उघडा हिंडणारा माणूस आमच्या वस्तादांशिवाय दुसरा साऱ्या कोल्हापूर जिल्ह्यात सापडला नसता. जानेवारीतल्या सकाळी नदीवरचं धुकं कसबा बावड्याच्या उसात शिरायचं, कारखान्याची चिमणी अर्ध्यावर पुसून जायची, बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघायची, आणि अशा वेळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, म्हशींच्या गोठ्यापुढे, गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर आणि वर बिनबाह्यांची बंडी एवढ्याच वेषात वस्ताद उभे असायचे. हातावर मात्र चार लोकरीचे स्वेटर टाकलेले. ते स्वतःसाठी नव्हेत. शाळेला निघालेल्या पोरापोरींपैकी जो कोणी नुसत्या शर्टावर सापडेल त्याच्यासाठी. आपल्या दारावरून एकही पोर कुडकुडत जाता कामा नये, एवढी एकच गोष्ट त्यांना आयुष्याकडून हवी होती. आणि आम्ही पोरं ती त्यांना मिळू देत नव्हतो.

त्यांचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नसे. ऐन उमेदीत त्यांनी आसपासच्या जत्रांतून कुस्त्या मारल्या, पुढे तालमीत पोरं घडवली, तेव्हापासून ते वस्ताद. मला आठवतात ते पन्नाशीतले. कुस्त्यांत चिरडून दोन्ही कानांचे गोळे झालेले, मान नावाचा अवयव जवळजवळ नाहीच, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. चार म्हशींचं दूध हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. सकाळी गोठ्याच्या कट्ट्यापाशी माणसं पितळी पेले घेऊन उभी राहायची आणि वस्ताद म्हशीखाली बसून थेट पेल्यात धार काढून द्यायचे. ते कोमट, फेसाळ दूध शाळेच्या पोरांनाही मिळायचं, पण अट होती, अंगात स्वेटर पाहिजे. बिनस्वेटरचा कोणी समोर आला की वस्ताद पेला पालथा घालून ठेवायचे आणि म्हणायचे, "आदी अंगात घाल, मग पोटात घाल." चारही म्हशींना त्यांनी पोती शिवून झुली केल्या होत्या. एकदा माझी रोडकी, काकडलेली मूर्ती त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळली, मग शेजारच्या पोतं पांघरलेल्या म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि हळहळत म्हणाले, "हिला कळतंय रं. आन् तू नववीत गेलास."

स्वेटर घालण्याची, म्हणजे दुसऱ्याला घालण्याची, त्यांची रीत तालमीतली होती. तुम्ही सायकलवरून भरधाव निघालेले असायचा. वस्ताद एका हातानं मागचं कॅरिअर धरायचे. सायकल जागच्या जागी थांबायची आणि तुमचे पाय उगीचच पेडल मारत राहायचे. मग पाठीमागून बगलेत हात, दुसरा हात मानेवर, आणि काही कळायच्या आत जग काळं व्हायचं, लोकरीचा वास नाकात जायचा आणि दुसऱ्या टोकाला डोकं बाहेर निघायचं. आमच्यातला एक पोरगा तालमीत जाणारा होता. त्यानं एकदा या पकडीतून सुटायचा प्रयत्न केला. वस्तादांनी त्याला सायकलसकट उचलला, स्वेटर घातला, पुन्हा सायकलवर बसवला आणि पाठीवर थोपटून म्हणाले, "ग्वाड हाय तुजा डाव, पन पाय कच्चा हाय." त्या पोराला दिवसभर स्वेटरपेक्षा पाय कच्चा असल्याचं दुःख झालं.

आणि हे स्वेटर ते स्वतः विणायचे. हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. मुलींच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई त्यांच्याकडं दूध न्यायला यायच्या, त्यांच्यापुढे वस्ताद एक दिवस सुया आणि लोकरीचा गुंडा घेऊन हात जोडून उभे राहिले. बाई आधी चेष्टा समजून हसल्या आणि मग, त्यांच्या चेहऱ्याकडं बघून, गपचूप कट्ट्यावर बसून शिकवायला लागल्या. केळ्याएवढ्या जाड बोटांत त्या सुया दिसायच्याही नाहीत. दुपारी म्हशी रवंथ करत असताना वस्ताद कट्ट्यावर मांडी घालून विणत, आणि टाके मोजायचे ते तालमीतल्या बैठका मोजाव्यात तसे, मोठ्यानं, दमदार आवाजात. सुलट टाक्याला आवाज चढा, उलट टाक्याला खाली. त्या वेळी रस्त्यावरून जाणाऱ्या पाव्हण्यानं "काय वस्ताद, बरं हाय न्हवं?" एवढं विचारलं तरी मोजणी चुकायची, मग "हितं लोकं कामं करत्यात की न्हाईत?" असं गरजून ते सगळी ओळ उसवायचे. गल्लीतली माणसं त्यांच्यापुढून जाताना चपला हातात घेऊन जायची.

या स्वेटरांची गंमत अशी होती की ते सगळे एकाच मापाचे असायचे. पाचवीतल्या पोराला घातला तर तो गुडघ्यापर्यंत लोंबायचा, बाह्या हाताच्या पुढं वीतभर. दहावीतल्या धिप्पाड पोराला घातला तर बगलेत टाके तुटल्याचा आवाज यायचा. शिवणाच्या बाईंनी एकदा त्यांना मोठ्या समजुतीनं सांगितलं की वस्ताद, माप घेत चला, टाके कमीजास्त करता येतात. वस्तादांनी मान हलवली आणि पुढचा स्वेटर पुन्हा त्याच मापाचा विणायला घेतला. बाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही, कारण ते माप कुणाचं आहे हे एव्हाना त्यांनाही कळलं होतं. गल्लीत सगळ्यांनाच माहीत होतं. ते दत्ताचं माप होतं.

दत्ता म्हणजे वस्तादांचा एकुलता एक मुलगा. मी सातवीत असताना तो नववीत होता, आणि आमच्या दृष्टीनं नववीत नसून स्वर्गात होता. भर थंडीत शर्टाच्या बाह्या दंडापर्यंत दुमडलेल्या, वरचं बटण उघडं, हात सोडून सायकल चालवायचा, उसाच्या धावत्या ट्रॉलीतून एका झटक्यात कांडं ओढायचा आणि मागून येणाऱ्या आम्हा बारक्यांना मोडून वाटायचा. स्वेटर त्यानं कधी घातला नाही, कारण त्या काळी त्या घरात स्वेटरला बंदी होती. होय, याच घरात. दत्ताच्या आईनं, म्हणजे आमच्या काकींनी, एका हिवाळ्यात बाजारातून त्याच्यासाठी निळा स्वेटर आणला, तर वस्तादांनी तो उचलून म्हशीच्या गव्हाणीत टाकला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हाताऱ्यांनी घालायचं त्ये. पैलवानाला थंडी वाजत न्हाय." दत्ता हसत उभा होता. त्यालाही ते पटलेलं होतं आणि आम्हालाही. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एकाही मुलाच्या अंगात स्वेटर नव्हता. आया दारात उभ्या राहून हाका मारत होत्या आणि आम्ही दातावर दात दाबून, अंगावर काटा घेऊन, सायकली हाणत होतो. पुढे ज्या खुळाशी वस्ताद एवढे झुंजले, ते खूळ त्यांच्याच गोठ्यातून निघालेलं होतं.

त्याच हिवाळ्यात दत्ता गेला. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत उभा असताना कोसळला, अंगात ताप फणफणलेला, छाती भरलेली. मोठ्या दवाखान्यात पाच दिवस होता. सहाव्या दिवशी त्याला घरी आणला तेव्हा आम्हा मुलांना मागच्या गल्लीत पाठवून दिलं होतं, पण आम्ही भिंतीवर चढून पाहिलं. वस्ताद रडत नव्हते. ते गव्हाणीत वाकून काहीतरी शोधत होते. मला तेव्हा कळलं नाही, पण ते अर्थात त्या निळ्या स्वेटरसाठी वाकले होते, आणि तो केव्हाच शेणात जाऊन संपला होता.

पुढच्या हिवाळ्यापासून वस्ताद कोपऱ्यावर उभे राहू लागले. आता कुणालाही वाटेल की हे सगळं पाहिलेल्या पोरांनी शहाण्यासारखं स्वेटर घालून त्या बापाच्या डोळ्यांपुढून जावं. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाइतका निर्दय प्राणी नाही, हे मी स्वतः तसा असल्यामुळे खात्रीनं सांगतो. शिवाय आमच्या निर्दयपणात एक निष्ठा होती, ती कुणाला सांगता येत नव्हती. बाह्या दुमडून, उघड्या छातीनं शाळेला जाणं ही दत्तानं शिकवलेली गोष्ट होती. तो गेल्यावर लगेच स्वेटर घालायचा म्हणजे त्याला विसरायचं, असं काहीतरी आमच्या डोक्यात होतं. एका बाजूनं बाप त्याच्यासाठी आम्हाला स्वेटर घालत होता, दुसऱ्या बाजूनं आम्ही त्याच्यासाठीच तो काढत होतो.

काढायची जागा ठरलेली होती. कारखान्याच्या अलीकडे रस्त्याखाली ओढ्याची एक कोरडी मोरी होती. तिथं सायकली थांबायच्या, स्वेटर निघायचे, मोरीत कोंबले जायचे आणि परत येताना अंगात चढायचे. एक हिवाळा हे सुखानं चाललं. दुसऱ्या हिवाळ्यात एक दिवस दुपारी परत येऊन बघतो तर आमच्या सहा स्वेटरांच्या ढिगावर एक गावठी कुत्री व्यायलेली. पाच पिल्लं लोकरीत तोंड खुपसून झोपलेली, आणि आम्ही हात घातला की ती दात काढून गुरगुरायची. सहा जणांचे सहा स्वेटर एकदम कुठं गेले याची बतावणी आम्ही रस्ताभर रचली, पण वस्तादांनी ती अर्धीच ऐकली आणि आमच्याबरोबर मोरीपर्यंत चालत आले. आता हाडं मोडणार अशी आमची तयारी होती. वस्ताद वाकून बराच वेळ आत बघत राहिले. मग उठले, हात झटकले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तिला अक्कल हाय." आणि दुसऱ्या दिवसापासून सहा नवीन स्वेटर विणायला बसले. कुत्रीला रोज दुधाचं भांडं जाऊ लागलं, तिच्याकडून स्वेटरची अट पुरी झाली होती.

इथपर्यंतचं मी कुणालाही हसत सांगू शकतो. पुढचं सांगताना मला अजून कानकोंडं होतं.

त्याच हिवाळ्यात मी एक शोध लावला. धुकं एवढं दाट होतं की हाताच्या अंतरावरची सायकल दिसत नव्हती. मी वस्तादांच्या पकडीतून वाचायला रस्त्याच्या पलीकडून, उसाच्या कडेनं जात होतो. वस्ताद म्हशीखाली बसलेले असणार हे बादलीतल्या धारेच्या आवाजावरून कळत होतं. का कोण जाणे, मला लहर आली आणि धुक्यातूनच मी ओरडलो, "वस्ताद, थंडी वाजालीया!"

धारेचा आवाज तुटला. बादली कलंडल्याचा आवाज आला, म्हैस उधळली, आणि वस्ताद अनवाणी रस्त्यावर धावत आले. "कुटं हाईस?" ते धुक्यात चारी बाजूंना वळून विचारत होते, "कुटं हाईस रं?" हातात स्वेटर होता. मी सायकल पिटाळली. मागून बराच वेळ त्यांच्या पावलांचा आवाज येत होता. मोरीपाशी पोचल्यावर मी मित्रांना ही गंमत सांगितली आणि पोट दुखेपर्यंत आम्ही हसलो. एवढा डोंगरासारखा माणूस आणि दोन शब्दांवर बादली टाकून पळतो! मग रोज कोणीतरी तो प्रयोग करू लागलं. कधी उसातून, कधी कारखान्याच्या वळणावरून. वस्ताद प्रत्येक वेळी धावत आले. एकदा तर दाढीला साबण लावलेला होता. ते तसेच कारखान्याच्या फाटकापर्यंत पळत गेले आणि उसाच्या गाड्यांच्या रांगेत एकेका गाडीवानाला विचारत सुटले की हितनं एखादं पोरगं गेलं का, त्याला थंडी वाजालीया.

माझ्या आईनं हे गोठ्याच्या कट्ट्यावर दूध घेताना ऐकलं. ती घरी आली, दुधाचं भांडं खाली ठेवलं आणि माझ्या मुस्काटात मारली. आई मारणारी नव्हती, म्हणून मी रडायचंही विसरलो. ती म्हणाली, "कुनाचं बोलनं बोलालास ठावं हाय का तुला?" मग तिनं सांगितलं. दत्ता ज्या सकाळी शाळेत पडला त्या सकाळी ती दूध न्यायला गोठ्यापाशी उभी होती. दत्ता आतून आला, कट्ट्याला टेकला आणि म्हणाला, "अण्णा, थंडी वाजालीया." आमच्या बोलीत गारठा लागला तरी थंडी वाजते आणि ताप चढताना अंगात कापरं भरलं तरी थंडीच वाजते. दोन्हींना शब्द एकच. वस्तादांनी म्हशीखालून मानही वर केली नाही. चारचौघं पेले घेऊन उभे होते, त्यांच्यादेखत ते हसून म्हणाले, "पैलवानाच्या पोराला थंडी वाजती व्हय? मार पन्नास जोर, पळून जाईल." दत्तानं मारले. आई म्हणाली, पस्तीसच्या पुढं त्याचे हात थरथरायला लागले होते, पण त्यानं पन्नास पुरे केले, पेलाभर दूध पिऊन सायकलवर बसला आणि गेला. नंतर दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वस्तादांना समोर बसवून समजावलं की हा छातीचा आजार होता, आधीच मुरलेला होता, स्वेटरनं टळला नसता आणि जोर मारल्यानं आला नाही. वस्तादांनी सगळं नीट ऐकलं आणि एवढंच विचारलं, "पन तो सांगत हुता न्हवं?"

"तवापासनं अंगाला ऊब लावून घेत न्हाईत त्ये," आई म्हणाली. "रातच्याला बी नुसती सतरंजी. काकी रडून थकली. जगाला घालत्यात आन् सोता उघडं."

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरून सायकल हळू नेली. वस्तादांनी कॅरिअर धरलं. मी झटापट केली नाही, हात वर केले. त्यांनी स्वेटर घातला, गळा नीट केला, बाह्या ओढल्या आणि जरा मागे होऊन बघितलं. मी तेव्हा नववीत, दत्ताच्या वयाचा झालो होतो. तो स्वेटर मला बेतून विणल्यासारखा बसला होता. वस्ताद बघतच राहिले. मला सांगायचं होतं की ती हाक मी काढली, पहिल्यांदा मीच. न सांगताच मी सायकलवर बसलो, मोरी मागे पडली तरी स्वेटर काढला नाही. आणि खोटं कशाला सांगू, शाळेचं फाटक दिसल्यावर काढलाच.

ते सांगायचं राहूनच गेलं. मी कॉलेजला गेलो, नोकरीनिमित्त सोलापूरला गेलो. सणावारी घरी यायचो तेव्हा वस्ताद कोपऱ्यावर असायचेच. हळूहळू बावड्यातले ऊस मागं सरकले, प्लॉट पडले, मोरीवर सिमेंटचा रस्ता आला. चाराच्या दोन, दोनाची एक म्हैस झाली. पोरांच्या सायकली जाऊन स्कूट्या आल्या आणि त्यांचं कॅरिअर धरून थांबवायची ताकद वस्तादांच्या हातात उरली नाही. ते प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून नुसता हात वर करायचे. पोरं "बाय आजोबा!" करून भुर्रकन जायची. दृष्टी मंदावल्यामुळं विणलेल्या स्वेटरांना भोकं पडू लागली, बाह्या एकीला एक मिळेनात, पण माप तेच. हिवाळ्यातही अंगात तीच बंडी. आता आतला माणूस निम्मा झाल्यामुळे ती खांद्यावरून घसरायची.

माझी पुतणी ऋतुजा नववीत गेली त्या वर्षीची गोष्ट. मी जानेवारीत चार दिवस घरी आलो होतो. ही पोरगी स्वेटर घेऊन निघायची, पण अंगात नाही, कमरेला बांधून. बाह्यांची पुढं गाठ. हल्ली तशीच फॅशन आहे म्हणाली. माझी वहिनी दारातून ओरडत होती, "अगं अंगात घाल की!" आणि ही "मला नाही वाजत" म्हणून माझ्या मोटारसायकलवर मागं बसली. तिची शाळेची रिक्षा चुकली होती. कोपऱ्यावर वस्ताद खुर्चीत होते. मी सवयीनं गाडी थांबवली, पाया पडावं म्हणून. त्यांचे हात थरथरत होते, हनुवटीही. म्हातारपण, मला वाटलं. त्यांनी माझ्याकडं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "थंडी वाजालीया."

मला वाटलं, वस्तादांना सगळं ठाऊक होतं आणि आज, इतक्या वर्षांनी, ते माझी चेष्टा माझ्यावर उलटवतायत. मी खुळ्यासारखा त्यांच्या तोंडाकडं बघत उभा राहिलो. तेवढ्यात ऋतुजा खाली उतरली, कमरेची गाठ सोडली आणि तो मरून रंगाचा शाळेचा स्वेटर वस्तादांच्या डोक्यातून घालू लागली. तो त्यांच्या फुटक्या कानांवर येऊन अडकला. ना वर ना खाली. आतून त्यांचा आवाज आला, "अगं, तू काय घालशील?"

"मला नाही वाजत, आजोबा."

"वाजती," वस्ताद लोकरीच्या आतून म्हणाले. "समद्यास्नी वाजती. सांगत न्हाईत एवढंच."

ऋतुजानं त्यांच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडं वळून ओरडली, "काका, ताप आहे त्यांना! बघताय काय?" आवाज ऐकून काकी बाहेर आल्या. नवऱ्याच्या डोक्यात अडकलेला शाळेचा स्वेटर त्यांनी पाहिला आणि दाराची चौकट धरून त्या मटकन खाली बसल्या. मग उठून आत गेल्या आणि मिळतील तेवढे स्वेटर कवळ्यात घेऊन आल्या. एकही त्यांच्या अंगात जाण्यासारखा नव्हता. आम्ही ते सातआठ स्वेटर त्यांच्यावर एकावर एक पांघरले आणि रिक्षा बोलावली.

छाती भरली होती, पण वेळेवर आणलं, डॉक्टर म्हणाले. पाचव्या दिवशी वस्तादांचा ताप उतरला. मी रजा वाढवली होती आणि त्या दुपारी त्यांच्या खाटेशी बसलो होतो. त्यांच्या अंगावर ब्लँकेट होतं, आणि ते त्यांनी काढून टाकलं नव्हतं. मी खाली मान घालून म्हणालो, "वस्ताद, ती हाक... धुक्यातनं. ती मी काढलेली. पैल्यांदा मीच."

"ठावं हाय," ते म्हणाले. "तुजा आवाज तवा नुकताच फुटालता. धुक्यात बी वळखू यायचा."

"मग ठावं असून पळत का यायचासा?"

वस्तादांना राग आला नव्हता, मी काहीतरी अगदी सोपं न समजल्यासारखं विचारलंय असा चेहरा होता. म्हणाले, "खोटं हाय हे रोजच ठावं असायचं. पन एकांद्या दिशी खरं असलं तर, लेका?"

त्यानंतर दोन हिवाळे वस्ताद होते. कोपऱ्यावर बसायचे, पण अंगात स्वेटर असायचा. काकींनी दोन जुने उसवून त्यांच्या मापाचा एक विणून घेतला होता, शिवणाच्या बाईंकडूनच. तो घातलेले वस्ताद मला कधी ओळखीचे वाटले नाहीत, आणि त्यांनाही बहुधा वाटत नसावेत, सारखे गळा ओढायचे. गेल्या पावसाळ्यात ते गेले. गोठ्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. माझी बदली कोल्हापूरला झाली आहे आणि सकाळी ऋतुजाला कॉलेजात मीच सोडतो. ती बारावीत आहे आणि स्वेटर अजून कमरेलाच बांधते. मी तिला घाल म्हणत नाही. गाडीवर बसली की विचारतो, "थंडी वाजालीया का गं?" ती "नाही" म्हणते. मी लगेच गाडी चालू करत नाही, जरा थांबतो. कधीकधी, रोज नव्हे, माझ्या पाठीमागं गाठ सुटल्याचं मला जाणवतं.